दाबता हात

“अंगठा आत घे. अजून आत. घाबरतेस काय, हात तुझा तुला परत देणार आहे मी,” आई म्हणाली आणि समोर बसलेल्या नव्या सुनेचा तळवा तिनं आपल्या डाव्या मुठीत घेतला.

मुलगी डोळे घट्ट मिटून बसली. तिची सासू पाठीशी उभी होती. “मावशी, जरा ढिल्याच भरा. रानात जायची हाय ती उद्यापास्नं.”

“ढिल्या भरल्या तर खुरप्याला लागून वाढतील, सावंतीणबाई. मापाच्याच बऱ्या.”

“आन् दुखलं तर?”

“दुखलं तर मला शिव्या द्या. हे बघ, झाल्या सहा. उघड डोळे.”

मुलीनं डोळे उघडले. मनगटात सहा हिरव्या बांगड्या होत्या आणि सातवी, आशीर्वादाची, आई वरून चढवत होती. मुलगी खुदकन हसली आणि वाकून आईच्या पाया पडली. कासारणीनं बांगड्या भरल्या की तिला नमस्कार करायचा, अशी आमच्याकडची रीत.

गुरुवार होता. सकाळचे साडेनऊ वाजले होते. रहिमतपुरातल्या आमच्या दुकानात मी भिंतीला टेकून हे पाहत होते. शुक्रवारी त्याच वेळेला आई नव्हती.

आमच्या घरात बांगडी कधी फुटत नसे. ती वाढत असे. इतर घरांतही बायका तसंच म्हणतात, पण आमच्याकडे तो नुसता शिष्टाचार नव्हता. कासाराच्या तोंडून दुसरा शब्द निघाला तर तो कुठल्या तरी सवाष्णीला लागतो, असं आई मानायची. सहा-सात वर्षांची असताना मी भरल्या दुकानात ओरडले होते, “आई, बांगडी फुटली!” तिनं मला मारलं नाही. माझ्या तोंडावर तळवा ठेवला आणि गिऱ्हाइकाशी बोलणं संपेपर्यंत तो तसाच ठेवला. तेव्हापासून वाईट गोष्टीचं नाव घ्यायची वेळ आली की माझ्या ओठांवर तो तळवा असे.

तिच्या दोन हातांना घरात दोन नावं होती. उजवा भरता हात: तो बांगडी चढवणार. डावा दाबता हात: तो समोरच्या बाईचा तळवा मुठीत घेऊन, हाडं एकमेकांवर सरकवत, केळीच्या कोंबासारखा निमुळता करणार. कौशल्य डाव्याचं. बायका लांबून आईकडे यायच्या त्या याच हातासाठी. गेला दीड महिना तोच हात दुखत होता.

सावंतीणबाई गेल्यावर तिनं डावं मनगट चोळलं. गल्ल्यावर बसलेल्या अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते पाहिलं.

“दाबता हात आहे, दुखणारच,” ते म्हणाले. “माझ्या आईचा दुखायचा. आत्याचा तर शेवटी वाकडाच झाला. निर्गुडीचा पाला बांध रात्री.”

“बांधलाय की आठ दिवस. पाला संपला, झाडाला आता नुसत्या काड्या राहिल्यात.”

“मग ओव्याची पुरचुंडी शेक.”

“शेकते. तुम्ही गिऱ्हाईक बघा.”

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. कऱ्हाडला एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करत होते, खोली घेऊन राहत होते आणि वाचायचं म्हणून जे हाती येई ते वाचत होते. त्याची घरात थट्टा होई. दोन वर्षांपूर्वी अप्पांच्या मानेवर गाठ आली होती. मी कुठल्याशा पुस्तकात वाचून इतकी घाबरले, की रडून-ओरडून सगळ्यांना मिरजेला घेऊन गेले. दोन दिवस तपासण्या. शेवटी डॉक्टरांनी ती गाठ चिमटीत धरली आणि “चरबी आहे,” म्हणाले. तेव्हापासून मी काही सांगायला तोंड उघडलं की अप्पा विचारायचे, “मिरजेची गाडी किती वाजता आहे?”

आईच्या हातासाठीही मी वाचलं होतं. आठ दिवस आधी, ग्रंथालय बंद करायच्या वेळी, परिचारिकांसाठीचं एक जाड इंग्रजी पुस्तक काढून हात आणि मनगट हे प्रकरण उघडलं. पुस्तकसूचीच्या एका कोऱ्या कार्डावर मी मराठीत टिपून घेत गेले. मनगटातून जाणारी नस दाबली जाते. तेव्हा रात्री अंगठा आणि शेजारच्या बोटांना मुंग्या येतात. अंगठ्याच्या मुळाशी स्नायूंचे दोर सुजतात. संधिवातात सकाळी बोटं आखडतात, दोन्ही हातांची. मानेचा मणका सरकला तर दुखणं वरून खाली उतरतं. मधुमेह. गळ्यातली ग्रंथी मंदावली तरीही हात सुजतात, दुखतात. प्रत्येक ओळ लिहिताना मला बरं वाटत होतं. यातलं काहीही असलं तरी उपाय होता.

मग पान उलटलं. वरच चार ओळी होत्या. डाव्या हातातलं, कधीकधी फक्त मनगटातलं दुखणं, जे हाताच्या कामानं येत नाही. चालताना, चढताना, ओझं नेताना येतं आणि थांबलं की जातं. बायकांमध्ये छातीत न दुखताही. ते दुखणं हाताचं नसतं. त्यापुढे ते कशाचं असतं ते लिहिलं होतं, आणि वेळ दवडू नये असं तिरक्या अक्षरांत.

कार्डावर सहा कारणं होती. सातवं मी लिहिलं नाही. पुस्तक जागेवर ठेवून कुलूप लावलं आणि रस्त्यानं जाताना स्वतःला समजावलं, की आई कासारीण आहे, तिचा हात कामानंच दुखतो, हे तर सगळ्या गावाला माहीत आहे. तरी दुसऱ्या दिवशी रजेचा अर्ज दिला. गुरुवार, शुक्रवार. हात कधी दुखतो ते मला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं. खरं तर तो दुकानात बसून, दाबताना दुखतोय, एवढंच मला पाहायचं होतं.

दहाच्या सुमाराला फिरोजाबादहून बांगड्यांची पेटी आली. माल माळ्यावर ठेवायचा असे. जिना लाकडी, उभा, बारा पायऱ्यांचा. अप्पांचे गुडघे धरलेले, म्हणून पेटी आई न्यायची.

“मी नेते,” मी म्हणाले.

“तू नेशील आणि हिरव्यात लाल ठेवशील. मागच्या वेळचं निस्तरायला मला अख्खी दुपार गेली. सर.”

तिनं पेटी उजव्या कमरेवर घेतली, उजव्या हातानं कवळली. डावा हात भिंतीला. मी खाली उभी राहिले. सातव्या पायरीवर ती थांबली. मला तिची पाठ दिसत होती. डावा हात भिंतीवरून खाली आला, आणि उजव्या हातानं पेटी सोडून देऊन डावं मनगट धरलं.

पेटी पायऱ्यांवर आपटत माझ्या पायाशी आली. आवाज विरला तरी काच जिन्यातून टपटपत होती.

“काय झालं गं?” दुकानातून अप्पा.

“काही नाही. थोड्या वाढल्या,” आई म्हणाली. आवाज नेहमीचाच, फक्त दोन शब्दांमध्ये तिनं श्वास घेतला.

मी वर पाहत होते. तिच्या डाव्या हातात काही नव्हतं. तो काही उचलत नव्हता, काही दाबत नव्हता.

“आई, अगं कसल्या थोड्या? पेटीभर फु—”

“हेमे!” ती पायरीवर बसली होती, कपाळाला घाम होता, पण डोळे तसेच कडक. “आज मान्यांच्या घरचा चुडा आहे. तोंड सांभाळ.”

दोन-तीन मिनिटांत ती उठली, खाली आली आणि स्वतः काच गोळा करू लागली. दुखणं गेलं होतं. थांबली आणि गेलं.

मी जिन्याच्या तोंडाशी उभी होते. त्या पानावरच्या चार ओळी मी विसरायचा प्रयत्न आठ दिवस करत होते, आणि त्या माझ्यासमोर एकेक पायरी उतरून आल्या होत्या.

“आपण डॉक्टरकडे जाऊ,” मी म्हणाले. “आत्ता.”

“जाऊ. पण चुड्याच्या आधी परत यायचं,” आई म्हणाली. ती इतक्या सहज तयार झाली, याचीच मला जास्त भीती वाटली.

डॉक्टर धोंगडे गावात नवीन होते, तिशीच्या आतले, हसरे. खोलीत आम्ही तिघंच. मी कार्ड त्यांच्यापुढे ठेवलं.

“अरे वा. सहा कारणं आणलीत. मग मी आता काय करू, सही?” त्यांनी आईचा हात हातात घेतला. “काय काम करता?”

“बांगड्या भरते. कासार आम्ही.”

“मग संपलंच की. दिवसाला किती हात दाबता?”

“लग्नसराईत शंभर-सव्वाशे.”

त्यांनी मनगटावर बोटानं ठोकलं. दोन्ही मनगटं दुमडून धरायला सांगितली. अंगठा मुठीत घेऊन हात खाली वळवला. “इथं दुखतं?”

“थोडं.”

“आणि इथं?”

“इथंही थोडं वाटतंय.”

आई गिऱ्हाइकाचं मन राखावं तसं त्यांचं मन राखत होती. एवढा शिकलेला मुलगा इतकं विचारतोय, तर प्रत्येक वेळी नाही कसं म्हणायचं!

“हातातून वस्तू निसटतात का? काम करताना बांगड्या फुटतात?”

आईचा चेहरा कोरा झाला. तिनं पदर सारखा केला.

“नाही,” ती म्हणाली. “आमच्या हातून बांगडी फुटत नाही.”

“गुड,” डॉक्टरांनी लिहिलं. “म्हणजे पकड चांगली आहे.”

ते नगरकडचे होते की कुठले, मला आठवत नाही. कासारणीपुढे तो शब्द काढायचा नसतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं; बाई ‘नाही’ म्हणाली, त्यांनी ‘नाही’ लिहून घेतलं. मी खुर्चीत पुढे सरकले. नुसतं एवढं म्हणायचं होतं, की डॉक्टर, आजच पेटीभर फुटल्या, जिन्यात, वर चढताना. त्यांनी पुढचा प्रश्न आपोआप विचारला असता. टेबलाखाली आईचा पाय माझ्या पायावर आला.

स्टेथोस्कोप टेबलावर पेपरवेटशेजारी पडला होता. मी त्याच्याकडे पाहत होते.

“नस दाबली गेलीय किंवा अंगठ्याचा दोर सुजलाय. तुमच्या कार्डावरलं पहिलं नाहीतर दुसरं,” डॉक्टर मला म्हणाले. “पट्टा देतो, गोळ्या देतो, पुढच्या आठवड्यात साखर तपासू. तीन आठवडे काम बंद.”

“तीन आठवडे? वैशाख आहे डॉक्टर,” आई हसली. “तुम्ही आषाढात सांगा, मी दोन महिने बंद ठेवते.”

“बरं, निदान कमी तरी करा.” मग माझ्याकडे वळून, “तुम्ही वाचलेल्या आहात. अजून काही मनात आहे?”

असं मला कुणी विचारत नसे. त्या प्रश्नात थट्टा नव्हती. सातवं कारण जिभेवर होतं. मी ते उच्चारलं असतं, तर ते त्या खोलीत, आईच्या शेजारी, तिसऱ्या खुर्चीवर येऊन बसलं असतं आणि मग त्याला उठवता आलं नसतं. न उच्चारता ते फक्त माझ्या डोक्यात होतं, आणि माझ्या डोक्यातल्या गोष्टी मिरजेला जाऊन चरबी निघत.

“नाही,” मी म्हणाले.

मान्यांचं घर वरच्या आळीत. चढ फार नाही, पण लांबवर आहे. चारच्या उन्हात आम्ही निघालो; बांगड्यांची टोपली मी हट्टानं घेतली होती. आईच्या हातात काही नव्हतं, मनगटाला नवा पट्टा. गिरणीपाशी ती थांबली. “थांब गं, चपलेत खडा गेला.” तिनं चप्पल काढली नाही. उजवा हात डाव्या मनगटावर गेला.

“दुखतोय?”

“मग, पट्टा बांधला म्हणजे लगेच नाचायला लागेल का तो?”

“आता तर तू काही दाबत नाहीयेस.”

“सकाळचं दाबलेलं आता दुखतंय. म्हाताऱ्या अंगाला उशिरा कळतं.”

पन्नास पावलांवर पुन्हा. या वेळी तिनं खड्याचं निमित्तही सांगितलं नाही. एका घराच्या ओट्याला टेकली. ओठ पांढरे पडले होते. मी टोपली खाली ठेवली.

“आई, परत जाऊ.”

“चुडा टाकून? पोरीचं उद्या लग्न आहे. वेडी का काय तू?” आणि जरा थांबून, मायेनं, “घाबरतेस किती गं. हातच आहे तो. हातानं कुणी मरत नाही.”

ती उठली आणि चालू लागली.

मान्यांच्या माजघरात पंचवीस-तीस बायका. नवरी मधे पाटावर. आई पोहोचली, पाणी प्यायली आणि पाच मिनिटांत तिचा चेहरा परत आला. तिनं नवरीचा हात घेतला, उलटासुलटा केला.

“मऊ आहे की. भाकरी थापायची सवय दिसत नाही.”

“हळू बोला मावशी,” नवरीची मामी म्हणाली. “नवऱ्याकडले लोक ओसरीत बसलेत. लग्न लागू दे, मग कळू दे त्यांना.”

सगळ्या हसल्या. नवरीही. आईनं एका हातात दहा, एका हातात अकरा भरल्या. मग मामी, मग आत्या, मग करवल्या, मग शेजारणी. भाजी निवडून राठ झालेले, बाळंतिणीचे सुजलेले, एक म्हातारीचा पळीसारखा टणक. “आजी, हा हात आहे का उखळ?” “उखळच हाय. तूच मुसळ आण.” दीड तास आई हात दाबत होती.

मी तिच्याशेजारी बसून मापं देत होते, दोन-चार, दोन-सहा, आणि तिच्या तोंडाकडे पाहत होते. पट्टा तिनं केव्हाच काढून मांडीखाली सारला होता. एकदाही कपाळाला आठी आली नाही. एकदाही ती थांबली नाही. सर्वांत टणक हात तिनं डाव्या मुठीत धरून असा आवळला की म्हातारी “अगं माझे आई” म्हणाली, आणि आई हसत राहिली.

दाबता हात दाबताना दुखत नव्हता.

आता शंका उरली नव्हती. त्या हसणाऱ्या बायकांच्या मधे, काचेच्या किणकिणाटात, मला मापं चुकायला लागली. एका बाईनं मला दोनदा विचारलं, “काय गं, बरं नाही का?” मी मान हलवली. ठरवलं: बाहेर पडल्याबरोबर सांगायचं. सरळ शब्दांत. तिनं तोंडावर हात ठेवला तर तो बाजूला करून सांगायचं.

परतीचा उतार होता. तिच्या पदरात नारळ आणि खण होता. ती भरभर चालत होती.

“आता दुखतोय?” मी विचारलं.

“छे. गोळी चांगली आहे हं त्या पोराची. अप्पांना सांगते, तुमच्या निर्गुडीपेक्षा बरी.”

तिला इतकं हलकं मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. मी तोंड उघडलं. “आई, उद्या साताऱ्याला जाऊ या.”

“कशाला?”

ती माझ्याकडे पाहत होती. उतरतं ऊन तिच्या तोंडावर होतं.

“हाताचा फोटो काढायला,” मी म्हणाले.

घरी गेल्यावर तिनं ते अप्पांना सांगितलं. अप्पांनी चष्मा वर करून मला विचारलं, “साताऱ्याहून पुढे मिरजेची गाडी मिळते का?” दोघं हसले. शनिवारी जायचं ठरलं, शुक्रवारी दुसऱ्या एका घरचा चुडा होता म्हणून.

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता अप्पा दुकानाच्या फळ्या काढत होते. मी मागच्या दारी नळावर भांडी घासत होते. जिन्यातून आईची हाक आली. मोठी नव्हती. “हेमे, जरा ये गं.”

ती पाचव्या पायरीवर बसली होती, भिंतीला टेकून. उजव्या हातानं डावं मनगट धरलेलं. मी येईपर्यंत अप्पाही आले होते, हातात एक फळी तशीच.

“आज जास्तच दुखतोय,” ती म्हणाली. चेहरा मातीच्या रंगाचा झाला होता. ती माझ्याकडे पाहत होती. मी तिला काही तरी सांगावं, असं पाहत होती.

“अप्पा, डॉक्टरांना बोलवा,” मी म्हणाले.

“हातासाठी?”

आई ऐकत होती. ती तिसऱ्या खुर्चीवरची गोष्ट आता तिच्या मांडीवर येऊन बसली होती आणि तरीही मला वाटलं, मी तिचं नाव घेतलं नाही तर आईला ती दिसणार नाही.

“हो,” मी म्हणाले. “हातासाठी.”

अप्पा गेले. आधी त्यांनी हातातली फळी नीट भिंतीला टेकवून ठेवली. गल्ल्यावरची टोपी घेतली. मी त्यांना दारातून जाताना पाहिलं. गुडघे धरलेला माणूस चालतो तसे ते सावकाश, रस्त्याच्या सावलीच्या बाजूनं चालत गेले. मी ओरडू शकत होते. मी आत जाऊन तिळाचं तेल घेऊन आले.

डॉक्टर वीस-पंचवीस मिनिटांनी आले, कारण अप्पांनी बाहेर बसून नंबराची वाट पाहिली. हात दुखतोय, एवढंच तर होतं. डॉक्टर आले तेव्हा आईचं डोकं माझ्या खांद्यावर होतं, तिच्या मनगटाला तेल लागलेलं होतं आणि ती दहा मिनिटांपूर्वीच गेली होती. या वेळी त्यांनी स्टेथोस्कोप लावला. बराच वेळ लावला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी खाली पाहिलं.

“पण हात दुखत होता हो तिचा,” अप्पा म्हणत होते. “हातच दुखत होता.”

याला बारा वर्षं झाली. अप्पांनी बांगड्या भरायचं काम बंद केलं. दुकानात आता तयार बांगड्या, टिकल्या, पिना असतात, आणि गिऱ्हाईक आपल्या हातांनी आपल्या बांगड्या चढवतं. माझी बदली होत होत मी साताऱ्याला आले. लग्न केलं नाही. दर रविवारी रहिमतपूरला जाते. अप्पा ऐंशीला आले आहेत. आईचा विषय निघाला की ते एकच वाक्य बोलतात. पाहुण्यांना, टपालवाल्याला, वर्षश्राद्धाला आलेल्या भटजींना: “मी त्या दिवशी चालत गेलो.” त्यावर सगळे म्हणतात, तुम्हाला काय माहीत, अप्पा, हात दुखत होता त्यांचा. मीही तेच म्हणत आले. बारा वर्षं.

गेल्या रविवारी दुपारी आम्ही दोघंच होतो. चहा झाला होता. ते कप तसाच धरून बसले होते.

“हेमा, एक विचारू? खरं सांग.”

“विचारा.”

“तुला माझा राग येतो का गं?” ते कपाकडे पाहत म्हणाले. “तू कधी बोलली नाहीस. पण तू तिथं तिला धरून बसली होतीस, आणि मी नंबर लावून बाकावर बसलो होतो. तिथं मी पेपर वाचला, हेमा. आख्खा पेपर वाचला मी. मी पळत गेलो असतो, आरडाओरडा केला असता, तर ती... सारखं येतं मनात. मी का पळालो नाही?”

मला नेहमीचं उत्तर येत होतं. तुम्हाला काय माहीत, अप्पा. ते खरंही होतं. मी त्यांच्या हातातला कप काढून घेतला, खाली ठेवला.

“अप्पा, तुम्ही पळाला नाहीत, कारण तुम्ही मला विचारलंत आणि मी हात म्हणून सांगितलं. तो हात नव्हता. तिचं हृदय बंद पडत होतं. मला ते आठ दिवसांपासून माहीत होतं. मी पुस्तकात वाचलं होतं, आदल्या दिवशी जिन्यात पाहिलं होतं, मान्यांच्या घरी जाताना चढावर पाहिलं होतं. डॉक्टरांनी मला विचारलं, अजून काही मनात आहे का, आणि मी नाही म्हणाले. आईला सांगितलं नाही. तुम्हाला सांगितलं नाही. मला तो शब्द तोंडातून काढायची भीती वाटली, आणि ती मेली. तुम्ही पळाला असतात, अप्पा. मी तुम्हाला पळू दिलं नाही.”